सायकलच्या हॅन्डलला लावलेला उजवीकडचा आरसा (आणि मागचा लाल लाइट), नागपूरच्या ट्रॅफिकमध्ये वापरून

ज्यांना फक्त घ्यायचा का नाही एवढंच पाहिजे त्यांना आधीच सांगून टाकते, घ्या. हॅन्डलच्या उजव्या टोकात बसणारा छोटा गोल आरसा, साडेतीनशे रुपये, सीताबर्डीतल्या एका सायकलच्या दुकानातून घेतला, पाकिटावर कोण्या मोठ्या कंपनीचं नाव नाही, आणि सायकलवर आजपर्यंत जेवढा पैसा घातला ना त्यात रोज कामी येणारी वस्तू हीच निघाली. हेल्मेट घालतेच, ते सोडा असं कोणी समजू नका, पण हेल्मेटचं काम पडल्यावर सुरू होतं आणि मला मुळात पडायचंच नाही.

माझं रोजचं जाणं-येणं त्रिमूर्ती नगर ते सिव्हिल लाइन्स. प्रताप नगर, माटे चौक, बजाज नगर, शंकर नगर, मग लॉ कॉलेज चौक, बोले पेट्रोल पंप आणि पुढे ऑफिस. घरी कार आहे, ती पण मीच चालवते, आईबाबांना कुठं न्यायचं असलं की किंवा भर मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की कारच. त्यामुळे दोन्ही बाजूनं रस्ता बघितलेला आहे आणि दोन्हीकडची बडबड ऐकलेली आहे. कारवाल्यांची सायकलवाल्यांबद्दल तक्रार एकच असते, की हे लोक मधेच उजवीकडे येतात, मागं बघत नाहीत, हात दाखवत नाहीत, आपण ब्रेक मारला म्हणून वाचले. ही तक्रार खरी आहे, मी कारमध्ये बसून स्वतः कितीदा बघितलं आहे. पण सायकलवाला मधेच उजवीकडे काहून येतो हे कारमधून दिसत नाही, ते सायकलवर बसल्यावरच कळतं, आणि ते कळल्याशिवाय हा आरसा इतका कामाचा का ते पण समजणार नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपल्याकडचे सिमेंट रोड बघा. मधला भाग एकदम गुळगुळीत, गाडी मस्त पळते. आता डाव्या कडेला जा. जिथं सिमेंटचा स्लॅब संपतो आणि पेव्हर ब्लॉकचे गट्टू सुरू होतात तिथं एक फट असते, कुठं बोटभर, कुठं दोन बोटं, आणि बऱ्याच जागी गट्टू खाली बसलेले असतात म्हणजे स्लॅबची कडा वर राहते. ही फट रस्त्याच्या दिशेनंच जाते, म्हणजे चाकाच्या दिशेनं. माझ्या सायकलचा टायर ३२ मिलिमीटरचा आहे, तो त्या फटीत गेला की हॅन्डल वळतच नाही, वळवायला गेलं की सायकल तिथंच राहते आणि माणूस पुढं जातो. बाईकचा टायर जाड असतो त्यामुळे बाईकवाल्याला ती फट जाणवतच नाही, कारवाल्याचा तर प्रश्नच नाही. फटीच्या पलीकडे गट्टूंवर काय असतं, तर उभ्या कार, सवारी घ्यायला थांबलेले ई-रिक्षा, चेंबरची झाकणं, रेती, संत्र्याचे ठेले, पाण्याच्या कॅन उतरवणारी छोटा हत्ती गाडी. संध्याकाळी आयटी पार्कच्या रोडवरून एकदा जाऊन बघा, डावी बाजू अख्खी खाण्याच्या ठेल्यांची असते. मग सायकलवाला कुठून जाणार? तो त्या फटीपासून हातभर आतून सिमेंटवरून चालवतो आणि समोर काही उभं असलं की त्याला वळसा घालून परत डावीकडे येतो. कारवाल्याला जे मधेच उजवीकडे येणं वाटतं ना, ते हे आहे. त्याला सायकल दिसते, सायकलच्या पुढं थांबलेला रिक्षा दिसत नाही, किंवा दिसतो पण डोक्यात जोडला जात नाही.

आता यात आरसा काय करतो. सायकल साधारण १५ ते १८ च्या स्पीडनं चालते, म्हणजे सेकंदाला चार-पाच मीटर. मागं मान वळवून बघायला सेकंदभर तरी लागतोच, तेवढ्यात चार-पाच मीटर रस्ता न बघता गेलेला असतो, आणि त्यात मान उजवीकडे वळली की खांदा वळतो, खांद्यासोबत हॅन्डल पण थोडं उजवीकडे जातं, म्हणजे ज्याला बघायला वळलो त्याच्याच पुढं जातो. तिकडून ५० नं येणारी कार सेकंदाला जवळपास १४ मीटर कापते. हे सगळं रोजच्या चालवण्यात कोणी मोजत नाही, पण शरीराला कळतं, म्हणून बहुतेक लोक मागं बघतच नाहीत, कानावर चालवतात. हॉर्न आला म्हणजे गाडी आहे, नाही आला म्हणजे नाही. आणि आता तर रस्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर आणि ई-रिक्षा एवढे झाले आहेत की कानावर भरवसा ठेवून चालतच नाही, एकदम बाजूला आल्यावरच कळतं.

आरशात बघायला मान वळवावी लागत नाही, नजर खाली-उजवीकडे गेली, दिसलं, परत समोर. एवढंच. पण या एवढ्यानं चालवण्याची पद्धत पूर्ण बदलून गेली माझी. आधी रिक्षा समोर आला की तिथं पोचल्यावर काय करायचं ते ठरायचं, आता पन्नास मीटर आधीच ठरतं. आरशात मागं मोकळं असलं तर आधीपासूनच हळूहळू उजवीकडे सरकते, हात दाखवते, लेन घेते, रिक्षा गेला की परत डावीकडे. मागं गाडी जवळ असली तर पेडल सोडून थांबते, तिला जाऊ देते, मग निघते. यात मागच्या ड्रायव्हरला ब्रेक मारावा लागत नाही, हॉर्न मारावा लागत नाही, राग येत नाही. माटे चौकाजवळ एक ऑटोवाले काका नेहमी भेटतात, ते सिग्नलवर बाजूला थांबून म्हणाले, "ताई, आरसा लावला ते चांगलं केलं, तुम्ही हात दाखवता तेव्हा आम्हाले माहीत राहते का तुम्हाले आम्ही दिसून राहिलो." मला हे तोपर्यंत सुचलंच नव्हतं, की आरसा मागच्याला पण दिसतो आणि त्याला पण एक खात्री देतो. माणूस मागच्याला बघून चालवतोय एवढं कळलं की मागचा पण जरा माणसासारखा वागतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

थोडे दिवस वापरल्यावर आरशात बारीकसारीक गोष्टी पण वाचता यायला लागतात. मागच्या कारनं ब्रेक लावला की तिचं बोनेट जरासं खाली बसतं, ते दिसलं म्हणजे तिनं तुम्हाला बघितलं आहे. बोनेट बसलं नाही आणि कार सरळ त्याच रेषेत मोठी मोठी होत येतेय म्हणजे ड्रायव्हरचं लक्ष कुठंतरी दुसरीकडं आहे, बहुतेक मोबाइलमध्ये, अशा वेळी मी सरळ कडेला होते, फट असो का रेती असो. आणि कार आधीपासूनच थोडी उजवीकडे सरकून येत असली की समजावं, हा जागा सोडून ओव्हरटेक करणार, आपण आपल्या रेषेत शांत राहायचं.

लेफ्ट फ्री बद्दल वेगळं लिहायला पाहिजे कारण चौकात सगळ्यात जास्त भीती मला तिथंच वाटते. आपल्याला सरळ जायचं असतं, आपण डाव्या बाजूला असतो, आणि मागून कार येते, आपल्याला ओव्हरटेक करते आणि लगेच आपल्या पुढून डावीकडे वळते. ड्रायव्हरच्या हिशोबानं त्यानं सायकलला मागं टाकलं, विषय संपला. पण ओव्हरटेक करून त्यानं वळायला स्पीड कमी केला ना, तेवढ्यात सायकल परत त्याच्या मागच्या दारापाशी आलेली असते, आणि तिथंच तो डावीकडे दाबतो. बस असली तर मागचं चाक आणखी आत येतं, कारण लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून वळतात, म्हणून बसच्या डावीकडे चौकात कधीच घुसू नका, जागा कितीही दिसू द्या. आरशानं इथं फायदा असा की चौकाच्या बरंच आधी मागच्या गाडीचा डावा इंडिकेटर दिसतो. दिसला की मी चौक येईपर्यंत लेनच्या मधे राहते, ओव्हरटेकला जागाच देत नाही, तो माझ्या मागून डावीकडे निघून जातो. दोन-तीन सेकंद लागतात त्याला जास्तीचे. काही लोक हॉर्न मारतात, मारू द्या. पण इंडिकेटर न देणाऱ्याचं आरसा काही करू शकत नाही, आणि असे लोक कमी नाहीत.

आता वस्तू म्हणून कशी आहे ते. आरसा साधारण पाच-सहा सेंटिमीटरचा, फुगीर काचेचा, म्हणजे काच नाहीच, ॲक्रिलिक आहे, पडला तर फुटून लागणार नाही ते चांगलं. बसवायला हॅन्डलच्या टोकाचं रबरी बूच काढायचं, ग्रिपचं टोक बंद असेल तर ब्लेडनं कापायचं, आणि आरशाची रबरी खुंटी आत घालून एलन कीनं आवळायची, स्क्रू आवळला की रबर आत फुगून बसतं. पाच मिनिटांचं काम आहे. मी दुकानातच बसवून घेतला, तिथले मेकॅनिक भाऊ म्हणाले, "मॅडम, मोठ्या सायकलीले आरसा कोणी लावत नाही, लहान लेकरांच्या सायकलीलेच लावून राहतात." खरं आहे ते, आपल्याकडे सायकलचा आरसा म्हणजे खेळण्यातली गोष्ट झाली आहे, दोन्ही बाजूला झालरी, टोपली आणि आरसे. स्कूटरला आरसा नसला तर पोलीस अडवू शकतो, आणि जी सायकल सगळ्यात हळू चालते, जिला मागून सगळेच ओव्हरटेक करतात, तिला आरसा लावला की लोकं हसतात. मला पण सुरुवातीला सिग्नलवर पोट्टे हसले. त्याचं काही वाटून घेऊ नका.

आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात म्हणून आरसा उजवीकडेच पाहिजे. ऑनलाइन काही ठिकाणी डाव्या बाजूचा पाठवतात, त्याचा कोन उलटा असतो, उजवीकडे लावला की आपलाच गुडघा दिसतो, त्यामुळे घेताना नीट बघा. आणि सेट करताना स्टॅन्डवर उभी करून करू नका, सायकलवर बसून, रोज जसे वाकून बसता तसे बसून करा, आपल्या कोपराची कडा आरशाच्या आतल्या बाजूला थोडीशीच दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता.

खोटं कशाला बोलू, दोष आहेत. पहिला म्हणजे फुगीर आरशात गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते. रस्ता जास्त दिसावा म्हणून तो फुगीर केलेला असतो पण त्यामुळे सगळं लहान दिसतं आणि अंतराचा अंदाज चुकतो. सुरुवातीचा आठवडाभर फक्त बघत राहा, आरशात एवढी दिसणारी कार किती वेळात बाजूला येते याची नजर बसू द्या, त्याआधी आरशाच्या भरवशावर लेन घेऊ नका. आणि नजर बसल्यावर पण लेन घ्यायच्या आधी एकदा झटकन खांद्यावरून बघायचंच, कारण आरशात न दिसणारा कोपरा असतोच, बाईकवाला नेमका तिथंच असतो. दुसरा दोष, थरथर. सिमेंट रोडवर चित्र एकदम स्वच्छ, गट्टूंवर किंवा उखडलेल्या डांबरावर गेलं की नुसतं हलणारं काहीतरी दिसतं, गाडी आहे एवढं कळतं, कोणती ते कळत नाही. तिसरा, उन्हाळ्यात सायकल उन्हात उभी राहिली की खुंटीचं रबर कडक होतं, पकड सुटते आणि आरसा आपोआप खाली पाहायला लागतो. मी आत रबरी ट्यूबचा छोटा तुकडा गुंडाळून परत बसवला, तेव्हापासून हलला नाही. चौथा, पार्किंगमध्ये लोकं धक्का देऊन जातात आणि रोज परत सेट करावा लागतो, एक बोटाचं काम आहे पण करावं लागतं. इतवारी-महालच्या गल्ल्यांमध्ये जरा सांभाळून, आरसा हॅन्डलच्या बाहेर येतो तेवढी रुंदी वाढते, तिथं मी तो आत वळवून घेते. मेट्रोत पण तसंच. पाऊस आला की मी झाशी राणी चौकात सायकलसकट मेट्रोत चढते आणि सुभाष नगरला उतरते, नागपूर मेट्रोत सायकल नेता येते हे अजून बऱ्याच लोकांना माहीत नाही, म्हणून इथं सांगून ठेवते.

रात्री आरशाचा एक त्रास आहे आणि त्यात दोष आरशाचा नाही. अप्पर. वर्धा रोडवर, अमरावती रोडवर, अख्खा रस्ता दिव्यांनी उजळलेला असतो तरी अर्ध्या गाड्या अप्परवर असतात, आणि ती पांढरी लाइट आरशातून सरळ डोळ्यात येते. त्यानंतर दोन-तीन सेकंद समोरचा खड्डा दिसत नाही. गावात रस्त्यावर दिवे असताना अप्परची काहीही गरज नसते हो, डिपरवर चालवा, समोरच्याला पण आणि पुढच्याला पण बरं पडतं. हे मी हात जोडून सांगते आहे.

आरशासोबत मागचा लाल लाइट पण घेतला, साडेचारशेचा, यूएसबीवर चार्ज होणारा. आरसा मला मागचं दाखवतो आणि लाइट मागच्याला मला दाखवते, दोन्ही मिळून काम होतं, म्हणून एकत्रच लिहिते आहे. यात लुकलुकणारे तीन-चार मोड आहेत आणि एक सतत पेटणारा. लुकलुकणारी लाइट लांबून लवकर लक्षात येते, पण सायकल नक्की किती लांब आहे, किती स्पीडनं चालली आहे हे सतत पेटणाऱ्या लाइटवरून जास्त नीट कळतं, म्हणून मी दिवसा लुकलुकणारा आणि रात्री सतत पेटणारा मोड लावते. कार चालवताना स्वतः अनुभव घेतला आहे, अंधारात जोरात लुकलुकणारा लाल ठिपका दिसतो पण तो २० मीटरवर आहे का ६० वर हे कळत नाही. पाकिटावर आयपीएक्स ४ लिहिलं आहे, म्हणजे शिंतोडे सहन होतात, पाण्यात बुडवून चालत नाही, आणि आपल्या पावसात मागच्या चाकाचं पाणी सरळ लाइटवरच येतं. मडगार्ड नसेल तर चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट दाबून ठेवा. माझ्या लाइटचं झाकण पहिल्याच पावसाळ्यात सैल झालं, आता चिकटपट्टी लावून चालवते, तेवढ्यासाठी मार्क कमी. रबरी पट्टा पण उन्हानं चिरला, वायरचे दोन झिप टाय लावले.

नागपुरात २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) जाणारे लोक ओळखीचे असतील तर विचारा त्यांना, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते ती राइड, आणि रात्री चालवायचं असेल तर पुढं-मागं लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतंच. आपल्याच नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण करून आले, रात्रंदिवस चालणारी रेस आहे ती. म्हणजे जे लोक सायकल सगळ्यात जास्त चालवतात ते दिसण्याची काळजी सगळ्यात जास्त घेतात. आणि आपण फुटाळ्यावरून पहाटे साडेपाचला काळा टी-शर्ट घालून बिनलाइटचं निघतो, सेमिनरी हिल्सच्या उतारावर झाडांच्या सावलीत तर काहीच दिसत नाही.

पण मला जास्त काळजी हौशी लोकांची नाही. नागपुरात सायकल चालवणारे म्हणजे आपण जॅकेटवाले मूठभर, बाकीचे पहाटे पेपर टाकणारे, दूधवाले, रात्रपाळी करून घरी जाणारे वॉचमन, हिंगणा एमआयडीसीच्या शिफ्टवाले, कळमना मार्केटला जाणारे हमाल. काळी सायकल, मागं मडगार्डवर एक लाल रिफ्लेक्टर, तो पण धुळीनं माखलेला. आमच्या गल्लीत पेपर टाकणारा पोरगा आहे, त्याच्या कॅरिअरवर पेपरची थैली दोन्ही बाजूला लोंबते आणि ती बरोबर त्या रिफ्लेक्टरच्या वर येते. म्हणजे ज्या वेळेला सगळ्यात अंधार असतो, त्याच वेळेला त्याचा एकुलता एक रिफ्लेक्टर झाकलेला. हे मला कारच्या हेडलाइटमध्ये त्याच्या मागं चालताना दिसलं, सायकल दिसलीच नाही, दिसले ते फक्त वर-खाली जाणारे त्याच्या पेडलचे पिवळे ठिपके. पेडलच्या रिफ्लेक्टरची गंमत हीच आहे, ते हलतात, आणि तसं वर-खाली हलणारं काही दिसलं की डोक्याला लगेच कळतं, इथं माणूस आहे. घोट्याला आणि गुडघ्याला लावलेल्या रिफ्लेक्टिव्ह पट्ट्यांवर ऑस्ट्रेलियात अभ्यास झालेला आहे, नुसत्या जॅकेटपेक्षा या हलणाऱ्या पट्ट्यांनी सायकलवाला रात्री जास्त चांगला ओळखू येतो असं त्यात निघालं. त्या पोराला मी लाइट सीटच्या खाली न लावता मडगार्डच्या एकदम खालच्या टोकाला लावून दिली, थैलीच्या खाली, आणि थैलीच्या पाठीवर लाल-पांढरी रिफ्लेक्टिव्ह टेप चिकटवली. ट्रकच्या मागं लावतात ती टेप, मोटार स्पेअर पार्टच्या दुकानात फुटावर मिळते. कोणाच्या घरी पेपरवाला, दूधवाला, सोसायटीचा वॉचमन सायकलवर येत असेल तर एवढं करून द्या त्यांना, शंभर-दोनशे रुपयांत होतं.

केंद्राच्या रस्ते अपघातांच्या रिपोर्टमध्ये २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ लोक रस्ते अपघातांत मेले, आणि टक्कर कशी झाली त्या हिशोबात मागून धडक हा सगळ्यात मोठा प्रकार आहे, एकूण अपघातांच्या २१ टक्क्यांच्या वर. हे सगळ्या गाड्यांचं मिळून आहे, फक्त सायकलींचं नाही. पण मागून येणाऱ्यासमोर सगळ्यात कमी संरक्षण कोणाला आहे ते सांगायला नको.

म्हणून कार आणि बाईकवाल्यांना पण या निमित्तानं दोन गोष्टी सांगायच्या आहेत, मी तुमच्यातलीच आहे, रविवारी मी पण स्टिअरिंगवर असते. आपल्या २०१७ च्या मोटार व्हेइकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशनमध्ये पायी चालणारे, सायकलवाले, लहान मुलं, म्हातारे यांची ड्रायव्हरनं विशेष काळजी घ्यायची असं लिहिलेलं आहे. ब्रिटनमध्ये हायवे कोड जानेवारी २०२२ मध्ये बदलला, त्यात सायकलला ओव्हरटेक करताना ताशी ३० मैलांपर्यंतच्या स्पीडला कमीत कमी दीड मीटर सोडा असं सांगितलं, म्हणजे आपल्या ४८ किलोमीटरपर्यंत, आणि त्याहून जोरात असाल तर आणखी जास्त. दीड मीटर म्हणजे कारचं दार पूर्ण उघडलं तर जेवढं होतं त्याच्यापेक्षा थोडं जास्तच. तेवढी जागा नसेल तर मागं थांबा, शंकर नगर ते लॉ कॉलेज चौक पुढं सिग्नल लागणारच असतो, सायकल तिथं परत तुमच्या बाजूला येऊन उभी राहते, रोज बघते मी. घासून कट मारून काय मिळतं ते मला अजूनपर्यंत कळलं नाही. मागून एकदम जोरात हॉर्न मारणं पण सोडा, दचकून हॅन्डल हलतं आणि ज्याला टाळायला हॉर्न मारला तेच होतं. वाजवायचाच असेल तर लांबून, एकदा, हळू.

दुसरी गोष्ट दाराची. धरमपेठेत कार लावली की ड्रायव्हर उजव्या हातानं दार ढकलतो आणि मागून येणारा सायकलवाला सरळ दाराच्या धारेवर. दार डाव्या हातानं उघडायची सवय लावा, डावा हात उजव्या दाराच्या हॅन्डलपर्यंत न्यायला खांदा आपोआप वळतो, खांद्यासोबत नजर आरशात आणि मागं जाते. नेदरलँड्समध्ये ही जुनी सवय आहे, ब्रिटनच्या त्याच नव्या कोडमध्ये पण घातली. मी माझ्या बाबांना लावली ही सवय, सत्तरीत आहेत, आठ दिवसांत हाताला बसली. मागच्या सीटवर डावीकडे बसलेल्यानं उजव्या हातानं उघडायचं, कारण फुटपाथच्या बाजूनं पण सायकल येते.

आणि सायकलवाल्यांनो, राँग साइडनं येणं बंद करा. आरसा, लाइट, जॅकेट सगळं लावून समोरून आलात तर काहीच उपयोग नाही, डावीकडून बाहेर निघणारा माणूस उजवीकडेच बघत असतो, तुम्ही त्याच्या नजरेतच नसता. एक चौक पुढं जाऊन यू-टर्न घ्या. कानात इअरफोन घालून पण नका चालवू.

स्टार द्यायचे तर आरशाला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या रबराचा कापला, लाइटला साडेतीन. घ्यायला जाताना सायकल सोबत घेऊन जा, कारण हॅन्डलच्या आतलं भोक सगळ्या सायकलींचं सारखं नसतं, वाकड्या रेसिंग हॅन्डलचा आरसा वेगळा येतो. काळ्या साध्या सायकलीला टोकातला बसत नाही, तिला दांडीवर पट्टीनं आवळायचा क्लॅम्पवाला घ्या, दीडशे-दोनशेत मिळतो. दुकानदार आधी लहान मुलांचा दाखवेल, तो घेऊ नका, त्याची दांडी प्लास्टिकची असते आणि पहिल्याच स्पीड ब्रेकरला फिरून जाते, लोखंडी दांडीचा मागा, आणि घेतल्यावर तिथंच एक चक्कर मारून बघा.